हात हलला का माउंट

शाहूपुरी, कोल्हापूर
८ ऑक्टोबर २०२५

काका,

नमस्कार शेवटी घालते, आधी भांडून घेते. काल फोनवर मी घसा फोडून सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी तुम्ही काकूला विचारलंत, "कोन हाय गं?" पलटणीत बंदुका दुरुस्त करता करता कान गेले, ते मी समजू शकते. पण कानाचं मशीन आणून दिलंय ते कपाटात ठेवून तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" करत बसता, त्याला काय म्हणायचं? म्हणून आता पत्र. गुंडूच्या दुधाच्या गाडीतून पाठवतेय. उत्तरही त्याच्याच हाती द्या, पोस्टात टाकलंत तर दिवाळी उजाडेल.

तर झालं असं. परवा कळंब्याच्या बाजूला उसात गवा शिरला. वनखात्याचा फोन आला आणि आमचं प्राणी-बचाव पथक निघालं. तिथं बघते तर अख्खं गाव बांधावर, प्रत्येकाचा मोबाईल वर. मी बेशुद्धीच्या डार्टची बंदूक जोडली, वर दुर्बीण बसवली. गवा अगदी आडवा उभा होता. दुर्बिणीतला काटा बरोबर मागच्या पुठ्ठ्यावर धरला, तिथं मांस जाड असतं, औषध भिनतं. चाप ओढला आणि डार्ट जाऊन आपटला बरगडीच्या हाडावर! औषध निम्मं बाहेर सांडलं आणि गवा उधळला. ज्याच्या उसात तो शिरला होता तो ज्ञानूच नेमका वाटेत. गव्यानं शिंगही लावलं नाही, नुसता खांदा लागला, तरी बिचाऱ्याच्या दोन बरगड्या मोडल्या.

आमच्या पथकाचे प्रमुख अमरसिंह, खंडेनवमीला ज्यांनी तुम्हाला फेटा बांधला ते, सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हात हलला." काका, माझा हात हलला नाही. मी श्वास सोडून, थांबून, मग चाप ओढला. हे मी दहा जणांना सांगितलं आणि दहाही जणांनी मान डोलावली, जशी लहान पोराच्या थापेला डोलावतात.

माझा संशय माउंटवर, म्हणजे दुर्बीण बंदुकीला धरणाऱ्या पकडीवर आहे. आमची पेटी आखूड, दुर्बीण काढल्याशिवाय बंदूक आत मावत नाही. म्हणून दुर्बीण खटक्याच्या माउंटवर बसवलीय, खटका उघडला की निघते, दाबला की बसते. कितीही वेळा काढा-घाला, झिरो जागचा हलणार नाही, काटा जिथं डार्ट तिथं, असं जाहिरातीत छातीठोक लिहिलंय. कसलं काय! आता नवं माउंट घ्यायचं ठरवलंय. एकाला खटका आहे, दुसऱ्याला नाण्यानं फिरवायचा जाड स्क्रू. दोन्हीच्या कौतुकाचे व्हिडिओ बघून माझे डोळे सुजले. झिरो कुठलं धरेल ते तुम्ही सांगा.

खंडेनवमीला तुम्ही आलात, बंदूक उघडून स्वतःच्या हातानं पुजलीत, सगळ्यांना लई भारी वाटलं. दस्त्यावरचं तुमचं कुंकू अजून तसंच आहे, कुणी पुसलेलं नाही.

आता नमस्कार.
राजनंदिनी


कागल
१२ ऑक्टोबर

राजी,

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचून दाखीवलं. मग मी परत वाचलं, कारण ती वाचताना मधीच तुझी बाजू घेती. मशीनचं नाव काढू नको. ते कानात घातलं की चमचा पडला तरी बाँब पडल्यागत वाटतंय.

व्हिडिओ बघून बंदुकीचं सामान घ्यायचं? अगं, म्हस घेताना तू दात बघतीस, कास बघतीस, आन हितं नुसतं चित्र बघून भुललीस व्हय? एवढं शिकून काय उपेग?

नीट वाच. खटका असू दे न्हायतर स्क्रू, झिरो त्यानं धरत न्हाय. झिरो धरतोय माउंटच्या बुडातला दात. बंदुकीवर खाचांची पट्टी हाय, त्या खाचंत हा दात बसतो. दर खेपंला तीच खाच आन खाचंची तीच कड, असं झालं तर झिरो ऱ्हातो, न्हायतर बोंबला. खाचंला नखाला लावायच्या रंगाचा ठिपका दे. दुर्बीण ठिवली की नळीकडं पुढं रेटायची, रेटून धरायची आन मग खटका दाबायचा. दात पोलादाचा बघ, अल्युमिनियमचा झिजतोय. आन खटकाच घे. स्क्रू आज तू आवळशील, उद्या दुसरा कोन आवळंल, दोघांची मनगटं सारखी न्हाईत. खटका दर येळी तेवढाच दाबतोय.

घेतलं की जाहिरातीवर इसंबू नको. आधी दुर्बीण न काढता पोत्यावर मार. मग काढ, घाल, परत मार. भोकं एकाच जागी पडली तर माल खरा.

आता एक इचारतो, राग धरू नको. हात खरंच हालला न्हाय न्हवं? पलटणीत लई बघितलंय मी. गडी चुकला की पयल्यांदा बंदुकीच्या आईला शिव्या घालतोय. नाचता येईना, अंगण वाकडं!

ज्ञानूला माझा नमस्कार सांग. काकू चकल्या धाडती.

काका


शाहूपुरी
२४ ऑक्टोबर

काका,

चकल्या पोचल्या, त्या काकूच्या म्हणून गोड मानून खाल्ल्या. तुमची म्हणही पोचली. तिचा मला राग आलाय आणि तो मी धरणार आहे.

तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. पोलादी दाताचं, खटक्याचं माउंट आणलं. खाचेला लाल ठिपका दिला. पुढं रेटलं, धरलं, खटका दाबला. कळंब्याच्या पुढं एका पड जमिनीत पोतं उभं केलं, अमरसिंहांना मुद्दाम सोबत नेलं, म्हटलं होऊन जाऊ दे दूध का दूध. पहिला डार्ट जिथं हवा तिथं. मी अमरसिंहांकडं असं बघितलं की बस्स! दुसरा चार बोटं डावीकडं. दुर्बीण काढलीही नव्हती हो! तिसरा खाली. मग दुर्बीण काढून घातली तर डार्ट पोत्याच्या पार कडेला. मग ते दुसरं, स्क्रूचं माउंट लावलं, तेही पारखायला मागवलं होतं. तेही तसंच, कधी वर, कधी खाली, जसं काय अंगात आलंय.

अमरसिंह शांतपणे म्हणाले, "दोन कंपन्यांची दोन माउंट खोटी आणि तुम्ही एकट्या खऱ्या?" ओरडले असते तर मी उलट ओरडले असते. मी मुकाट पोतं उचलून गाडीत टाकलं.

आता ऊसतोड सुरू होईल, फड मोकळे होतील, गवे बाहेर पडतील. तोवर निकाल लागला नाही तर बंदूक आमच्या पथकातल्या विश्वजितकडं द्यायची असं ठरतंय. त्यानं कॉलेजात असताना नेमबाजी केलीय म्हणे. गव्याचं वजन अंदाजायचं मी, औषध भरायचं मी, तो पडल्यावर त्याचा श्वास चालू ठेवायचा मी, आणि चाप तेवढा विश्वजित ओढणार.

काका, तुम्हाला सांगते, डॉक्टर झाल्यावर पहिली काही वर्षं मी गोठ्यात गेले की लोक माझ्या मागं बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर साहेब कुठायत?" मीच डॉक्टर म्हटलं की तोंडं पडायची. ही बंदूक हातात आली आणि तो प्रश्न बंद झाला. आता ती काढून घेतली तर सगळी कळंबा-शाहूपुरी म्हणेल, बाईमाणसाच्या हातात दिलीच कशाला होती. मला ते ऐकायचं नाही. मला ती बंदूक माझ्याकडंच पाहिजे, एवढं सरळ लिहिते.

राजनंदिनी


कागल
३१ ऑक्टोबर

राजी,

परदेशी मालाचं पितळ उघडं पडलं म्हण की! चकाचक रंग, खोक्यात स्पंज, आन आत सगळा आनंद.

मी सोता कोल्हापुरात उद्यमनगरात गेलतो. लेथवाल्याच्या डोक्यावर उभा ऱ्हायलो आन दोन दिस बसून पोलादाचं माउंट करून घेतलं. त्यो बी वैतागला माझ्यावर. म्हणतोय, "आजोबा, तुमी घरला जावा, मी करून धाडतो." मी म्हटलं, मला ऐकू येत न्हाय. दात हातानं घासून बशीवलाय, केसाची फट न्हाय. तुझ्या घरावरनं गेलतो, पर आत आलो न्हाय. आलो आस्तो तर भांडलो आस्तो आन काम ऱ्हायलं आस्तं.

गुंडूकडं दिलंय, फडक्यात गुंडाळलंय. अमरसिंहाला सांग, हे कोल्हापूरचं पोलाद हाय. आन बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून मार, म्हंजे हाताचा परश्नच मिटला. आता हे हाललं तर माझं नाव हंबीरराव न्हाय.

काका


शाहूपुरी
८ नोव्हेंबर

काका,

काय लिहू? तुमचंही तसंच. वाळूच्या पोत्यावर टेकवून मारलं तरी तसंच. अमरसिंह नुसते घड्याळाकडं बघत होते.

तुमचं नाव बदलायची गरज नाही. माझंच बदला.

राजनंदिनी


कागल
११ नोव्हेंबर

राजी,

दोन दिस मी जेवलो न्हाय असं काकू सांगंल, ती वाढवून सांगती. पर झोप न्हाय आली, हे खरं.

तीन नवी माउंट. तिसरं माझ्या डोळ्यादेखत झालेलं. पोरी, आता बोलू नको तर काय करू? चाप ओढताना तू झटका देतीस. पोत्यावर टेकवली म्हणून झटका जात न्हाय. मागं येकदा चुकल्याचं भ्या मनात बसलं की बोट आपुआप हिसका देतंय, माणसाला कळत बी न्हाय. चांगले चांगले गडी त्यानं बाद झालेले बघितलेत. यात लाज न्हाय.

बंदूक देऊन टाक. उद्या आनखी कुणाच्या बरगड्या मोडल्या तर तुलाच घास गोड लागणार न्हाय. मी तुझा काका म्हणून लिवतोय. हे लिवताना मला काय बरं वाटतंय व्हय?

काका


शाहूपुरी
२३ नोव्हेंबर

काका,

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. ते वाचून मी रडले, हेही सांगून टाकते. पण काकूचा निरोप आला की तुम्ही रोज गुंडूची गाडी आली की फाटकापाशी जाऊन उभे राहता आणि बघायला आलो नाही असं दाखवता. म्हणून लिहिते.

दोष सापडला. खाचांच्या पट्टीचा मागचा स्क्रू ढिला होता. पट्टी सोडवली, साफ केली, घट्ट बसवली. आता दुर्बीण कितीही वेळा काढा-घाला, सगळे डार्ट मुठीएवढ्या जागेत. तुमचं 'आधी पुढं रेट, मग खटका' सोळा आणे खरं होतं. म्हणजे माझा हात हलला नव्हता आणि माझं बोटही हिसका देत नाही. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं.

अमरसिंहांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण स्क्रू बघायचं काम कुणाचं?" बंदूक माझ्या ताब्यात, तेव्हा माझंच. म्हणजे ज्ञानूच्या बरगड्या शेवटी माझ्याच नावावर. बंदूक आजच अमरसिंहांकडं जमा केली, एक तारखेपासून ती विश्वजितकडं जातेय. जाऊ दे. मला आता चिडायचाही कंटाळा आलाय, आणि हे माझ्या बाबतीत काय आहे ते तुम्ही जाणता.

तुमचं माउंट परत पाठवतेय. ते चांगलं आहे काका, अगदी मनापासून सांगते. पण विश्वजितला ते आधीचं परदेशी आवडतं. तुमचं तुमच्याकडंच असू दे, इथं ड्रॉवरमध्ये पडून राहण्यापेक्षा बरं.

आणि एक. पुढच्या खंडेनवमीला बंदूक न उघडता, पेटीतच ठेवून पुजली तर चालेल का? असंच आपलं विचारतेय.

राजनंदिनी


कागल
३० नोव्हेंबर

राजी,

तुला सगळं येतंय, खोटं बोलायला तेवढं येत न्हाय. येत आस्तं तर ती शेवटची ओळ लिवली नसतीस.

त्या पट्टीचे स्क्रू खंडेनवमीला मीच सोडलेले आन मीच आवळलेले. माझं कान ढिलं झालं, गुडघं ढिलं झालं, पर मी आवळलेला स्क्रू आजपातूर ढिला झाला न्हाय. तुझं पत्र वाचलं आन मी काकूला म्हटलं, पोरगी कायतरी लपवतीया. मग माउंट उलटं केलं. दाताच्या कोपऱ्यात काळपट थर. नखानं खरवडला तर आतनं लाल निघाला, लालाच्या खाली पिवळा. वास घेतला. हळद, कुंकू आन गोडं तेल.

तिथंच पायरीवर बसलो मी. काकूला वाटलं, चक्कर आली.

पलटणीत हत्यार उघडून पुजायची रीत. जोडाजोडाला कुंकवाचं बोट लावायचं, एक जोड सुटता कामा नये. पर तिथं दुसऱ्या दिशी सगळं पुसून, तेलपाणी करून, मगच हत्यार जोडलं जायचं. हितं मी काय केलं? पट्टीच्या खाली लावलं, खाचाखाचात लावलं, वर पट्टी आवळली, जेवलो आन फेटा मिरवत कागलला आलो. तुमी तर दस्त्यावरचं बी पुसलं न्हाय, पूजेचं कुंकू पुसू ने म्हणून. मग पट्टीखालचं कोन बघतंय? पट्टी त्या चिखलावर तरंगत हुती आन आपण माउंटवर माउंट बदलत बसलो. तिन्ही माउंट खरी हुती. हात बी खरा हुता. अंगणच वाकडं हुतं, ते वाकडं करणारा मी हुतो, आन वर तुलाच म्हण ऐकवली.

तरी राग मला तुझाच आलाय. माझा फेटा राखायला तू सोताचा हात बदनाम करून घेतलास? कुणी सांगितलं हुतं गं? ज्या म्हाताऱ्यानं "झटका देतीस, बंदूक देऊन टाक" म्हणून लिवलं, त्याची अब्रू झाकाय निघालीस! येडी हाईस का खुळी?

काल कोल्हापूरला आलतो. कपाटातनं मशीन काढलं आन कानात घातलं. म्हटलं, शिव्या खायच्याच हाईत तर ऐकून खाव्या. तू कुठंतरी लशी टोचायला गेलतीस, ते बरंच झालं. अमरसिंहाच्या टेबलावर माउंट उलटं ठिवलं आन सगळं पथक गोळा करून सांगितलं, हे माझं काम हाय, डाक्टरनीचा काय संबंध न्हाय. तो माउंटकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. मग म्हणला, "काका, फेटा मीच बांधला हुता की तुमाला." विश्वजितला इचारलं तर तो म्हणतोय, सुटलो, मी कागदावर नेम धरणारा, गव्यावर न्हाय.

तिथनं ज्ञानूकडं गेलो. अंगणात खाटेवर पडला हुता. सगळं ऐकून घेतलं आन म्हणतोय, "म्हंजे मला गव्यानं न्हाय, कुंकवानं पाडलं म्हणा की!" आन हसायला लागला. हसता हसता बरगडी धरून कळवळला, मग मला शिवी दिली. ती मी ऐकली, नीट ऐकली. मग त्याच्या बायकूनं च्या दिला.

उद्या एक तारीख. अमरसिंह सोता बंदूक घेऊन तुझ्या दारात येणार हाय. त्याला बाहेर ताटकळत ठिवू नको, पर लगीच हसू बी नको. माझं माउंट त्याच्याकडंच दिलंय, धुऊन पुसून.

खंडेनवमीचं इचारलंस. बंदूक पेटीतच ऱ्हाऊ दे. मी येणार, फेटा नको. पाटावर तू तुझा उजवा हात ठेव. मी त्या हाताला कुंकू लावतो.

मग ते पूस आन कामाला लाग.

तुझा काका
हंबीरराव